अक्कांनी मऊ केलेली मोटार

पुतण्याचा, वसंताचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी मागच्या दारात मेथी निवडत बसले होते. "काकू, आई गेली," एवढंच तो आधी म्हणाला. सकाळी चहा घेऊन अक्का अंगणात उन्हाला बसल्या होत्या म्हणे. सून कप न्यायला आली, तर मान जराशी कलली होती... मी फोन ठेवला आणि परत येऊन मेथीच निवडायला बसले. जुडी संपेपर्यंत काही वाटलंच नाही. मग मोकळ्या काड्या गोळा करायला वाकले आणि तशीच भिंतीला टेकून राहिले. आज त्याला महिना होऊन गेला. घरातली माणसं म्हणतात, लिहून काढ, बरं वाटेल. म्हणून लिहिते आहे.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. नाव सोनाबाई. माहेर लांब पूर्वेकडं, जिथं पावसाची वाट बघण्यातच माणसाचं अर्धं आयुष्य जातं अशा मुलखात. मी सांगलीच्या एका शाळामास्तरांची मुलगी. दुसरी मोठी लढाई ऐन भरात असताना लग्न होऊन उंब्रजच्या आत, तारळीकाठच्या त्या उसाच्या गावात गेले. पहिल्याच दिवशी मी त्यांना "जाऊबाई" म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "जाऊबाई नगं गं. अंगावर पाल पडल्यागत वाटतं. अक्का म्हन." तेव्हापासून अक्काच. उंचेल्या, हाडापेरानं रुंद, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता त्याच्या हातांकडं बघायची सवय. माणूस हातावरनं कळतो, असं त्यांना वाटत असावं.

थोरले भाऊजी फौजेत मोटार ड्रायव्हर होते, पुढं हवालदार झाले. सगळं गाव त्यांना हवालदारच म्हणे. अक्कांची त्यात सोयच झाली, नवऱ्याचं नाव न घेता त्याला हाक मारायला मिळायची. लढाईच्या आधी रजेवर आले असताना त्यांनी साताऱ्याच्या एका वकिलांकडून एक जुनी, कापडी टपाची मोटार आणली होती. नुसती आणली नाही, तर रजा संपायच्या आत पडीक रानात बायकोला ती चालवायला शिकवली. गावातल्या बायका बांधावर उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसत. अक्का सांगायच्या, "मला बी हसूच येत हुतं. पन चाक वळलं की मोटार वळायची. घरात माझ्या बोलन्यानं काय बी वळत न्हवतं..." मी आले तेव्हा भाऊजी पलटणीबरोबर परदेशी होते आणि मोटार गोठ्याच्या अंगाला कडब्याच्या आडोशात उभी होती. पेट्रोल कुपनावर, तेही मिळेल तेव्हा. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत.

लढाई संपली आणि भाऊजी परत आले. इटलीतल्या डोंगरात त्यांची लॉरी दरीत गेली होती, पाठीचा कणा दुखावला होता. कितीतरी महिने फौजेच्या इस्पितळांतून काढून ते मसूर स्टेशनावर उतरले. तिथून घरापर्यंत बैलगाडी. कडबा अंथरला, त्यावर गाद्या घातल्या, बैल पावलापावलानं चालवले, तरी वाटेत त्यांची शुद्ध गेली. अंगणात गाडी उभी राहिली तेव्हा त्यांच्या खालच्या ओठातनं रक्त येत होतं, दातांनी चावून धरला होता. मला तो चेहरा अजून दिसतो...

त्यानंतर भाऊजी सोप्यातल्या बाजेवर पडले ते पडलेच. काठी टेकत घरातल्या घरात चालत, पण उंबऱ्यावर पाय जरा जोरात पडला तरी पांढरेफटक होत. फौजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मिरजेला जा, तिथं अंगाच्या मापाचा चामड्याचा पट्टा करून देतील, तो बांधला की हिंडता-फिरता येईल. पण माप द्यायला माणूस मिरजेला न्यायचा कसा? घरापासून पहिला रस्ता लागेपर्यंतच त्यांचा जीव जायचा. आमच्या ह्यांनी, म्हणजे भाऊजींच्या धाकट्या भावानं, एकदा पालखीसारखं काही करून न्यायची गोष्ट काढली. भाऊजी भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "मला परत त्या वाटंला लावू नगा. हितंच बरा हाय." मग हळूहळू बोलणंही थांबलं. ताट आलं की जेवत, नाही आलं तर मागत नसत. रात्री झोप नाही, दिवसा डोळा लागला तर दचकून उठत. घरात एक माणूस असा आतल्या आत विझत असला की बाकीचेही आपोआप हळू बोलायला लागतात. आमचं घर तसं झालं होतं.

एके दिवशी भाकऱ्या उरकून अक्का गोठ्याकडं गेल्या आणि मोटारीवरचा कडबा काढायला लागल्या. मी विचारलं, हे काय?

"ही मोटार मऊ कराय पायजे," त्या म्हणाल्या.

"मोटार मऊ? अहो अक्का, लोखंडाची आहे ती."

"मग? कातडं मऊ हुतं, भाकर मऊ हुती. मोटारीनं काय पाप केलंय?"

त्यांनी आधी काय केलं, तर मोटार चालू करवून घेतली, आमच्या ह्यांना (भाऊजींनी त्यांनाही थोडं शिकवलं होतं) चाकावर बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर पाठीवर आडव्या झाल्या, हुबेहूब भाऊजी पडत तशा. "ओढ्यापतोर नेऊन आना," म्हणाल्या. परत आल्या तेव्हा कमरेला हात लावून उतरल्या. बसून काही कळत नाही, पडल्यावर कळतं, असं त्यांचं म्हणणं. "ह्यात धडधाकट मानूस बी मोडंल. हवालदार तर नगंच." पुढं या मोटारीत जो जो बदल झाला, त्याची परीक्षा अक्कांनी अशी आपल्या पाठीवर घेतली.

मोटारीच्या खाली पाटे असतात. एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची कमान. खड्डा आला की त्या पट्ट्या एकमेकींवरनं सरकतात आणि धक्का वर येऊ देत नाहीत. आमचे पाटे गंजून एकजीव झाले होते, सरकणार कुठून? हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि अक्कांनाही नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की बैलगाडीला नाही असलं काहीतरी खाली आहे आणि ते हलत नाही. अंगणात जॅक लावून, खाली लाकडाचे ओंडके सरकवून आम्ही दोघींनी एका बाजूचे पाटे सोडवले. रॉकेलच्या घमेल्यात ते भिजत ठेवले. दुसऱ्या दिवशी अक्का पट्ट्या सुट्या करायला बसल्या. मधोमध एक बोल्ट होता, त्याला पाना लावला आणि जोर काढला.

"अगं ए! सोड ते!"

सोप्यातून अशी आरोळी आली की मी हातातला डबा टाकला. कितीतरी आठवड्यांत भाऊजींचा मोठा आवाज घरानं ऐकला नव्हता. ते बाजेवर अर्धे उठून बसले होते, काठी आमच्याकडं रोखलेली. "मधला बोल्ट तसा सोडत्यात व्हय? पाटं उडून तोंडावर बसतील! आधी दोनी बाजूंनी आवळून धर की..." बोलता बोलता कळ आली आणि ते मागं टेकले. अक्का पाना हातात धरून तशाच उकिडव्या बसून होत्या. मग अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "आवं, मग सांगा की. मला काय ठावं?"

त्या दिवशी भाऊजींची बाज सोप्याच्या कडेला, अंगण दिसेल अशी सरकली. पुढं कधीतरी मी अक्कांना विचारलं होतं, तुम्ही मुद्दाम चुकीचा बोल्ट धरला होता ना? त्या हसून म्हणाल्या, "न्हाई गं. खरंच ठावं न्हवतं. तोंड फुटलं असतं माझं."

मग ते दिवस सुरू झाले, जे आठवताना मला नेहमी हिवाळ्यातली दुपारच आठवते. खरं तर उन्हाळाही गेला असेल आणि पाऊसही. पण आठवणीत एकच ऊन राहतं... अंगणात गोणपाटावर मांडलेल्या लोखंडी पट्ट्या, लांबीप्रमाणं ओळीनं. विटकरीच्या तुकड्यानं गंज घासायचा, मग ग्रीसमध्ये शिसपेन्सिलीची पूड कालवून ते बोटांनी पट्ट्यांच्या अंगाला चोळायचं. भाऊजी बाजेवरून सांगत, "जास्त नगं. भाकरीला तेल लावतीस तेवढंच." पाटे परत बांधून झाले, तर त्यांत धूळ जाऊ नये म्हणून वर कापड शिवायचं ठरलं. भाऊजी म्हणाले, "माझी किटबॅग फाड." पलटणीतली ती खाकी पिशवी त्यांनी कुणाला हातही लावू दिला नव्हता. अक्कांनी ती उसवली आणि दाभणानं पाट्यांवर घट्ट शिवून टाकली. शिवताना त्यांनी मान वर केली नाही. भाऊजीही दुसरीकडं बघत होते.

आम्हाला वाटलं झालं. अक्का मागं आडव्या झाल्या, ओढ्यापर्यंत फेरी झाली आणि परत आल्यावर त्यांनी उतरून आधी गोठ्यामागं जाऊन ओकून घेतलं. "धक्का न्हाई लागला," तोंड पुसत म्हणाल्या, "पन होडीत बसल्यागत हुतंय. खड्डा कवाच मागं गेला तरी झोका थांबंना." मी हिरमुसले. भाऊजी मात्र डोळे मिटून विचार करत होते. म्हणाले, "पाटं मोकळं झालं न्हवं. गंजानं धरून ठेवलं हुतं, आता धरायला कोन न्हाई. त्यास्नी आवरनारं काय तरी पायजे. जीपगाडीला असतंया बघ, तेलाची नळी. धक्का आला तर येऊ देती, पन परत परत उसळू देत न्हाई."

शॉकअब्सॉर्बर. हा शब्द आमच्या घरात 'शाकप' म्हणून आला आणि तसाच राहिला. लढाईतल्या मोडक्या गाड्या तेव्हा लिलावात निघत होत्या आणि सांगलीत माझ्या माहेराजवळच एका भंगारवाल्यानं दोन-तीन जीपगाड्यांचे सांगाडे आणून टाकले होते. अक्का आणि मी आगगाडीनं सांगलीला गेलो. भंगारवाला अक्कांकडं बघून म्हणाला, "बाई, घरचं कुनी पुरुष मानूस न्हाई आलं?"

"हाय की, घरी. त्येच्यासाठीच न्यायचंय."

नळ्यांचा ढीग होता. भाऊजींनी सांगितलं होतं तसं अक्का एकेक नळी पायाच्या अंगठ्यात अडकवून दोन्ही हातांनी ओढत आणि परत दाबत. सैल गेली की बाजूला. अंगाला तेल पाझरलेलं दिसलं की बाजूला. जी ओढतानाही जड जाईल आणि दाबतानाही, ती मांडीवर. भंगारवाला आधी गंमत बघत होता, मग आपणच आतून निवडक नळ्या काढून देऊ लागला. येताना आगगाडीत त्या चार नळ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून अक्कांच्या मांडीवर होत्या. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं बाई ते, एवढं जपतीस?" अक्का म्हणाल्या, "औषद हाय. मालकांचं."

त्या नळ्या काही आमच्या मोटारीसाठी केलेल्या नव्हत्या. गावच्या लोहाराकडून पकडी करून घेऊन त्या बसवल्या, तर पहिल्याच फेरीत ओढ्यावरच्या मोरीवर एक पकड तुटली, आणि अक्का मागच्या सीटवरून खाली आदळल्या. खांदा काळानिळा झाला. आमचे हे चिडले. म्हणाले, "वैनी, पुरं झालं आता. एक मोडलाय घरात, तुमी बी मोडाल." अक्कांनी खांद्याला हळद लावून घेतली आणि तुटलेली पकड भाऊजींच्या बाजेवर नेऊन ठेवली. त्या दोघांचं त्या तुकड्यावर डोकं खुपसून बोलणं चाललं होतं, आणि मी स्वयंपाकघरातून बघत होते. नवरा-बायको म्हणून मी त्यांना त्याआधी असं जवळ बसलेलं पाहिलंच नव्हतं... नळी तिरकी बसली होती, एवढंच निघालं. जाड लोखंडाच्या पकडी झाल्या, नळ्या सरळ उभ्या राहिल्या. पुढच्या फेरीहून अक्का आल्या त्या उतरेचनात. मागच्या सीटवर तशाच पडून टपाकडं बघत होत्या. मी वाकून विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "काय न्हाई. जरा पडू दे."

पुढचं आधी सांगून टाकते. मिरजेला भाऊजी या मोटारीतूनच गेले. पट्टा झाला. तो बांधून ते चालू लागले, पुढं उसाच्या बांधावर उभं राहून गड्यांना शिव्या देण्याइतके बरे झाले. अक्कांना वसंत झाला. भाऊजी पुष्कळ वर्षं जगले. मोटार जुनीची आणखी जुनी होत गेली, पण दरवर्षी दिवाळी झाली की अक्का पाटे उतरवायच्या, धुवायच्या, ग्रीस भरायच्या, शाकपाला तेल सुटलंय का ते बोटानं बघायच्या. गावातल्या अडलेल्या बायकांना कराडच्या दवाखान्यात नेताना कुणी बैलगाडी जुंपत नसे, "सोनाक्काची मोटार सांगा" म्हणत. भाऊजी गेल्यावर अक्कांनी चालवणं सोडलं आणि मोटार तिच्या वाटेनं गेली. आम्ही मुलांच्या शिक्षणासाठी सांगलीला आलो. भेटी दिवाळी-उन्हाळ्याच्या झाल्या. हे सगळं खरंच आहे आणि कमी नाही. पण अक्का गेल्या असं ऐकल्यापासून मी त्यातल्या एकाच दुपारी जाऊन बसते आहे. भाऊजी पहिल्यांदा मोटारीत बसले ती दुपार.

त्यांनी कबूल केलं होतं ते फक्त पांदीच्या तोंडापर्यंत, शेतातली गाडीवाट रस्त्याला मिळते तिथवर. उसाला तुरे आले होते, गुऱ्हाळाचा गोड धूर खाली उतरून शिवारावर पसरला होता. भाऊजींना मागच्या सीटवर आडवं केलं, मी त्यांच्या पायाशी खाली बसले, आणि अक्का चाकावर. भाऊजींनी डोळे घट्ट मिटले होते, हाताच्या मुठी आवळलेल्या, जबडा ताठ. आता कळ येणार, आता येणार, अशी वाट बघणारा चेहरा. मोटार निघाली. पांदीतला पहिला खड्डा मला ओळखीचा होता, बैलगाडीत त्यांची शुद्ध हरपली होती ती तिथंच. चाक खाली गेलं, वर आलं... आणि भाऊजींचं अंग नुसतं जरा उचललं गेलं आणि परत जागेवर आलं, पाण्यावरचं पान येतं तसं. अक्कांनी मागं वळून पाहिलं नाही. दुसरा खड्डा गेला. तिसरा गेला. माझ्या डोळ्यांसमोर एका हाताची मूठ हळूहळू सुटली, मग दुसऱ्या हाताची. पांदीचं तोंड आलं तेव्हा परत फिरायचं का, हे विचारायला मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. भाऊजी झोपले होते. ओठ जरासे उघडे, लहान पोरासारखे.

मी अक्कांच्या खांद्याला हात लावला आणि मागं खूण केली. त्यांनी पाहिलं. मग कुजबुजल्या, "वळवायचं म्हंजी थांबवाय लागंल. थांबली की जागं हुतील." आणि त्यांनी मोटार सरळ पुढं जाऊ दिली.

मसूर मागं पडलं. औंधाकडच्या रस्त्याला लागलो. तो रस्ता तेव्हा मातीचाच, दोन्हीकडं बाभळी आणि लिंब, सावल्या आडव्या पडलेल्या. मोटार त्या सावल्यांवरून एकसारख्या संथ आवाजात जात होती आणि मला वाटत होतं की रस्ताच आमच्या खालून कुणीतरी हळू ओढून घेतो आहे. शेतातली माणसं खुरपी थांबवून बघत, मग लहान होत मागं जात. एका ठिकाणी मेंढरांचा कळप आडवा आला. पूर्वेकडचा धनगर, खांद्यावर घोंगडं. अक्कांनी भोंगा वाजवला नाही. वेग अगदी मुंगीच्या पावलाचा केला, आणि मेंढरं मोटारीच्या दोन्ही अंगांनी पाण्यासारखी फुटून वाहू लागली. धनगरानं हाळी द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी ओठावर बोट ठेवून आत दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं. झोपलेला माणूस, पायाशी एक बाई, चाकावर एक बाई. त्यानं काठी खाली घेतली आणि तोंडातल्या तोंडात मेंढरांना काहीतरी म्हणत, आवाज न करता, त्यांना कडेला घेतलं. आम्ही पुढं गेलो.

औंधाच्या यमाईचा डोंगर दिसू लागला तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. अक्कांनी चाकावरचा एकच हात उचलून कपाळाला लावला. डोंगराच्या पायथ्याशी मोकळ्या माळावर मोटार मोठ्या वळणानं, न थांबवता, हळूच फिरवली. मी वर देवळाकडं बघून मनातल्या मनात काही मागावं म्हटलं, पण सुचेना. सगळं तिथं सीटवरच झोपलेलं होतं. येताना ऊन समोर होतं आणि आमच्या सावल्या लांब होऊन मागं पळत होत्या.

दिवेलागणीला अंगणात आलो. अक्कांनी इंजिन बंद केलं आणि त्या शांततेनं भाऊजी जागे झाले. त्यांनी समोर पाहिलं. तोच सोपा, तीच बाज, तेच लिंबाचं झाड. ते थोडे ओशाळले. म्हणाले, "डोळा लागला वाटतं जरा. बरं, चला. निघायचं न्हवं?"

"जाऊन आलो," अक्का म्हणाल्या.

"कुठं?"

"औंधाला."

"चेष्टा करतीस व्हय माझी?"

अक्का चाकावरचे हात काढतच नव्हत्या. भाऊजींनी तोंडावरून हात फिरवला आणि थांबले. हाताला धूळ लागली होती. मिशीला, बाहीला, पांघरुणाच्या घड्यांत, सगळीकडं लांबच्या रस्त्याची तांबूस, मऊ धूळ बसली होती. ती त्यांनी बोटांत चोळून पाहिली. बाहेर आमचे हे कंदील घेऊन धावत येत होते, पण भाऊजींचं तिकडं लक्ष नव्हतं. ते अक्कांच्या पाठीकडं बघत होते.

"उद्या परत नेशील?" ते म्हणाले. "उद्या जागा ऱ्हाईन मी."